शेरूचा अभ्यास

आमच्या सोसायटीतले नाना हे हाडाचे पालक. मुलाला त्यांनी चौथीच्या स्कॉलरशिपपासून इंजिनिअरिंगपर्यंत हाकत नेलं. मुलगा जर्मनीला गेला आणि नानांच्या हाताखाली कुणी उरलं नाही. अशातच नानींनी पार्किंगमधलं एक गावठी पिल्लू वर आणलं. नानांनी त्याचं नाव शेरू ठेवलं, यूट्यूबवर कुत्र्यांच्या अडथळा-शर्यतीच्या, म्हणजे अ‍ॅजिलिटीच्या स्पर्धा पाहिल्या आणि शेरूचं शिक्षण हाती घेतलं.

"१९७८ साली लंडनला, क्रफ्ट्सच्या डॉग शोमध्ये," नाना लिफ्टमध्ये सापडेल त्याला सांगायचे, "मधल्या वेळेत करमणूक म्हणून कुत्र्यांना घोड्यांसारखे अडथळे लावले. तिथून हा खेळ निघाला." पुढे नियम यायचे. उतरत्या फळीच्या रंगीत पट्ट्याला पंजा लागलाच पाहिजे, नाहीतर मार्क कापतात. मैदानात खाऊ न्यायचा नाही, कुत्र्याला हात लावायचा नाही. "परीक्षेत गाईड चालतं का?"

सोसायटीच्या हिरवळीवर प्लंबिंगच्या उरलेल्या पाइपांचे १२ खांब उभे राहिले, शेरूनं मधून नागमोडी पळायला. टेप लावून, ६०-६० सेंटिमीटरवर. शेरूनं पहिला खांब हुंगला आणि तंगडी वर केली.

"अभ्यासात लक्षच नाही!" नाना कडाडले. "त्या बी विंगमधल्या बॉर्डर कॉलीकडे बघ जरा!" शेरूनं बघितलं आणि तिच्याशी खेळायला पळाला.

सी-सॉवर तर कहरच झाला. शेरू मध्यावर पोचला, फळी कलली, टोक धाडकन आपटलं आणि विद्यार्थी वॉचमनच्या खुर्चीखाली. त्यानंतर हिरवळ दिसली की तो चारही पाय रोवायचा.

शेवटी नानींनी एका ट्रेनर मुलीला बोलावलं. तिनं फळी जवळजवळ जमिनीला टेकवली, टोकाखाली जुनी गादी सरकवली आणि नानांच्या हातातलं बिस्किट बाजूला ठेवलं. "काका, त्याला आवडेल ते द्या. तुम्हाला परवडेल ते नाही."

त्याला कलेजी आवडते असं निघालं. ज्या घरात अंडंसुद्धा बाल्कनीत उकडायचं, तिथे नाना आता पहाटे कलेजी शिजवतात आणि नखाएवढे तुकडे करून खिशात भरतात. लिफ्टमध्ये हल्ली त्यांच्याबरोबर कुणी चढत नाही.

बाकीचं शिक्षणही बदललं. तास पाच मिनिटांचा. शेरूला आणखी हवं असतानाच थांबायचं. चुकलं तर अवाक्षर काढायचं नाही. जमलं की त्याच क्षणी तुकडा आणि वाहवा. उडीचा दांडा जमिनीवरच, कारण "हाडं कोवळी आहेत अजून, ताण नको." बोगद्याच्या पलीकडे नाना स्वतः पोटावर पालथे पडून "ये रे माझ्या राजा" म्हणून लाडीगोडी लावतात. शेरू सुसाट बाहेर येतो, नानांचा चष्मा चाटतो आणि तुकड्यासाठी न थांबता पुन्हा आत घुसतो.

परवा मुलानं व्हिडिओ कॉलवर हे सगळं पाहिलं.

"बाबा, चौथीत एक गणित चुकलं म्हणून तुम्ही मला रात्री अकरापर्यंत बसवलं होतंत."

"अरे, तुला रागावलेलं कळायचं," कलेजी चिरता चिरता नाना म्हणाले. "याला नाही कळत. मग काय करणार? शिकवावंच लागतं."