काही करत नाही हो तो!

पवनेकाठी कुत्र्यासह तंबूत राहू पाहणाऱ्या नवशिक्यांसाठी

कुत्र्याला घेऊन कॅम्पिंगला निघताना सर्वांत आधी एक वाक्य पाठ करावं. तंबू, बॅटरी, डास पळवायचं मलम हे सगळं नंतर. वाक्य असं: ‘काही करत नाही हो तो!’ हे दुरून, हसत आणि शक्यतो कुत्रा समोरच्याच्या छातीवर दोन पाय देऊन उभा असताना म्हणायचं असतं. आधी म्हटलं तर ती सूचना होते, नंतर म्हटलं तर माफी. नेमकं त्याच क्षणी म्हटलं तरच ते श्वानपालकाचं वाक्य होतं. उच्चारात ‘हो’वर लक्ष द्यावं. समोरच्याच्या भित्रेपणाबद्दलची आपली हलकी नाराजी सगळी त्या ‘हो’त मावते.

सरावाला पवनेइतकी चांगली जागा नाही. शनिवारी दुपारी वाकडहून निघायचं, जुन्या हायवेने कामशेतपर्यंत जायचं, आत वळून काळे कॉलनी मागे टाकायची, की धरणाचं पाणी दिसायला लागतं. सभोवती तुंग, तिकोना, लोहगड, विसापूर असे चार किल्ले आणि काठावर रंगीत घुमटांसारखे तंबू. दोन तंबूंमध्ये अंतर इतकं कमी, की शेजारचे रात्री कुशीवर वळले तर आपल्याला कळतं. आपण ज्याला ‘निसर्ग’ म्हणतो ते बहुतेक वेळा कुणाचं तरी भाताचं खाचर असतं. पावसाळ्यात तिथे इंद्रायणी डोलत असतो आणि उन्हाळी-हिवाळी आपण. ही गोष्ट कुत्र्याला लगेच कळते, कारण त्याला बांधावरच्या म्हशींचा वास येतो. आपल्याला चेक-आउटपर्यंत कळत नाही.

कुत्र्याचं नाव ब्रूनो असेल तर एक अडचण येईल. आपण ‘ब्रूनो, कम!’ अशी हाक मारली की चार कुत्रे येतात आणि आपला तेवढा येत नाही. आमचाही ब्रूनोच. लॅब्रॅडॉर, वजन बत्तीस किलो, त्यातले दोनेक किलो माझ्या आईने चोरून दिलेल्या तूप-पोळीचे.

आता पट्टा. गळ्यात असतो तो पट्टा आणि हातात असते ती लीश. गावात दोहोंना मिळून साखळी म्हणतात आणि कुणाचं काही अडत नाही. नवशिक्याने हमखास घ्यावी ती गुंडाळी होणारी लीश. बटण दाबलं की पाच मीटर सुटते. पाच मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ साधारण अठ्ठ्याहत्तर चौरस मीटर भरतं. पवनेच्या काठावर एवढ्या जागेत चार तंबू, एक शेगडी, दोन गिटारी आणि सतरंजीवर पाय पसरून बसलेली एक आजी आरामात येते. दोरी बारीक असल्यामुळे अंधारात ती कुणालाच दिसत नाही, तंबूच्या ताणाच्या दोऱ्यांत ती सुबक विणली जाते आणि कुत्र्याने झेप घेतली की पकडणाऱ्याच्या तळव्यावर भाजल्यासारखी रेघ उठवते. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांत सहा फुटांपेक्षा लांब लीश चालतच नाही, तसा नियम आहे. सहा फुटांच्या वर्तुळात जेमतेम साडेदहा चौरस मीटर येतात, म्हणजे आपला तंबू आणि आपलीच माणसं. एवढ्या छोट्या वर्तुळात मोकळेपणा तो कसला?

मोकळेपणावरून आठवलं. लीश हातात धरून चहा पिता येत नाही, म्हणून ती कुठे तरी बांधावी लागते. मी ती तंबूला बांधली होती. दोन-तीन माणसांच्या घुमटी तंबूचं वजन तीन-चार किलो, काड्या फायबरच्या आणि जमिनीतले खिळे वीतभराचे. दुसऱ्या बाजूला बत्तीस किलो. काठावरून एक बगळा उडाला आणि ब्रूनोही उडाला, मागोमाग तंबू, तंबूत माझी बॅग आणि बॅगेत माझे कपडे. तंबू पाण्यापर्यंत गेला नाही, कारण वाटेत तो शेजारच्यांच्या तंबूला अडकला आणि पुढचा प्रवास त्यांनी मिळून केला. शेजारचे आत झोपले होते. मी धावत मागे होतोच आणि धावता धावता काय ओरडत होतो हे सांगायला नकोच. ‘काही करत नाही हो तो!’

ज्यांच्या शेतात आम्ही होतो ते बाबा हे सगळं बांधावरून बघत होते. हसले नाहीत. घरातून एक दावं आणि लोखंडी मेख घेऊन आले, दगडाने मेख हातभर आत ठोकली, दाव्याची निरगाठ मारली आणि खेचून बघायला मला सांगितलं. मी दोन्ही हातांनी खेचलं. काही हललं नाही. मग ते म्हणाले, “आमची म्हैस बी काय करत न्हाई. पर दाव्यालाच असती.”

नवशिक्यांनी हे वाक्य फारसं मनावर घेऊ नये. घेतलं तर पहिलं वाक्य पुन्हा त्याच सहजतेने म्हणता येत नाही. माझी तीच पंचाईत झाली आहे.

काही अभ्यासू मंडळी इथे दत्तगुरूंचा दाखला देतात. चार कुत्री पायाशी आणि एकालाही पट्टा नाही! बरोबर. पण ती चार कुत्री म्हणजे चार वेद मानतात. आपल्याने अजून ‘सिट’ पुरतं आत्मसात केलेलं नाही.

अनोळखी कुत्र्यांची भेट घडवण्याची शहरी पद्धत ठरलेली आहे. दोन्ही मालकांनी लीश ताणून धरायची, कुत्र्यांना नाकासमोर नाक आणायचं आणि ‘से हॅलो, बेबी’ म्हणायचं. ताणलेली लीश म्हणजे मान वर, छाती पुढे. कुत्र्यांच्या भाषेत हा नमस्कार नव्हे, दंड थोपटणं आहे. त्यामुळे ती भांडली की दोन्ही मालकांना मनापासून आश्चर्य वाटतं. गावचा काळ्या हे कसं करतो ते पाहण्यासारखं आहे. तो सरळ येत नाही. लांबून अर्धवर्तुळ घेतो, जमीन हुंगतो, दुसरीकडे बघतो, बाजूने येऊन मागचा वास घेतो आणि काम झालं की निघून जातो. त्याला कुणी शिकवणी लावलेली नाही. तुमच्या लीशमध्ये थोडी ढील असेल तर तुमच्यालाही हे जमतं. आणि माणसांच्या बाबतीत तर विचारण्याची सोयच आहे: “आणू का जवळ?” समोरच्याने ‘नको’ म्हटलं तर कारण विचारू नये. पोटात चौदा सुया घ्यायच्या काळातली माणसं अजून आपल्यात आहेत. त्यांना तुमचा ब्रूनो गोड वाटण्याची सक्ती नाही.

सुयांचं आलंच आहे तर तेवढ्यापुरतं सरळ बोलतो. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही, आणि वेळेत लस घेतली तर जवळपास नेहमी वाचतो. कुत्र्याचं लसीचं कार्ड गाडीत ठेवावं. कुणाला दात लागला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवावी, मोबाइलवर वेळ लावून. हळद, चुना, तिखट यांतलं काही भरू नये, तडक दवाखाना गाठावा. पाश्चरची लस 1885 मध्ये पहिल्यांदा एका मुलाला टोचली गेली. तेव्हापासून सबबींना तशी जागा उरलेली नाही.

संध्याकाळी शेगड्या पेटतात आणि आपल्या संतपरंपरेची परीक्षा सुरू होते. कुत्र्याने भाकरी पळवली तर नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी कशी खाशील म्हणून. शेजारच्या तंबूतल्या लोकांकडून ही अपेक्षा ठेवू नये. त्यांचा पनीर टिक्का तुमच्या ब्रूनोने पळवला तर ते धावतील, पण हातात तूप नसेल. शिवाय त्या काडीवर पनीरच्या शेजारी कांदा असतो. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, शिजवलेले असले तरी. द्राक्षं-मनुकांनी मूत्रपिंडं जाऊ शकतात, चॉकलेटही विषारी. आणि ‘त्याला हाड द्या हो, खूश होईल’ म्हणून कुणी तंदुरीचं हाड पुढे केलं तर हात जोडून नाही म्हणावं. शिजवलेल्या कोंबडीच्या हाडाच्या टोकदार सळया होतात आणि त्या आतून टोचतात. रात्री अकरा वाजता त्या सळयांसाठी डॉक्टर शोधत घाट उतरण्यापेक्षा ते बरं.

कुत्री माजावर असेल तर आणू नये. आणली तर पंचक्रोशीतले सगळे काळ्या रात्रभर तुमच्या तंबूभोवती बसतील, आणि ते मात्र काही करायलाच आलेले असतील.

आता नाजूक विषय. गावकऱ्याच्या अंगणात शेणाचा सडा असतो, त्यामुळे शहरी पालकाचा असा समज होतो की गावात सगळीच विष्ठा पवित्र. ‘खतच होतं ना त्याचं!’ नाही होत. गाय गवत खाते. आपला चिकन-भात, पेडिग्री आणि सोफ्याचा कोपरा खातो. त्याच्या शीमधून जंतांची अंडी पडतात आणि ती मातीत बराच काळ टिकतात. त्याच मातीत पुढे अनवाणी पायांनी भातलावणी होते. तेव्हा वर्तमानपत्राचा कागद आणि पिशवी न्यावी, उचलावं, पिशवीला गाठ मारून आपल्याबरोबर परत आणावं. पिशवी भरून तिची गाठ मारायची आणि मग ती झुडपावर टांगून निघून जायचं, हा एक पंथ आहे. त्याचं तत्त्वज्ञान मला कधी उमगलं नाही. न उचललेलं निदान पावसात वाहून जातं. हे प्लॅस्टिकात जतन होतं.

वाहून जातं म्हणजे कुठे, हे आमच्यासारख्यांनी विचारायला हवं. खाचरातून ओघळाने धरणात. धरणातून पवना नदीत. नदीतून रावेतच्या बंधाऱ्यापाशी. तिथून पाणी उचलून, शुद्ध करून पिंपरी-चिंचवडला पाठवलं जातं. वाकड पिंपरी-चिंचवडमध्येच येतं. शुद्ध करून, हे मी पुन्हा एकदा सांगतो.

रात्री कुत्रा बाहेर बांधून आपण आत झोपण्याची पद्धत आहे, राखण म्हणून. राखण कुणाची, हा प्रश्न आहे. या डोंगरांत बिबट्या आहे आणि त्याला कुत्रा आवडतो. तिकडे अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला तेव्हा त्याच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. शेळ्या मागे पडल्या. मेखेला पक्कं बांधलेलं, भुंकून आपला पत्ता सांगणारं, तूप-पोळीवर वाढलेलं बत्तीस किलो म्हणजे त्याच्या दृष्टीने वाढून ठेवलेलं ताट. दिवसा दावं, रात्री तंबूत. तंबूत जागा कमी पडते आणि कुत्रा कायम मधोमध आडवा झोपतो. त्यावर उपाय नाही, मोठा तंबू घेऊनही तो मधोमधच झोपतो.

आत घेण्याआधी गोचिडी बघाव्यात: कानाच्या पाळीत, काखेत, पायाच्या बोटांमध्ये. सापडलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. रॉकेल, काडी, मीठ असले प्रयोग करू नयेत, आणि काढलेली गोचीड ‘बघ केवढी’ म्हणून बायकोला दाखवू नये. हा शेवटचा मुद्दा कुठल्याही पुस्तकात नाही, अनुभवाचा आहे.

रात्रीच्या भुंकण्याबद्दल मी फार लिहीत नाही. पवनेकाठी दीड वाजेपर्यंत माणसंच थांबत नाहीत. त्या रात्री शेजारच्या स्पीकरवर एकच गाणं सातव्यांदा लागलं तेव्हा ब्रूनोने मान वर करून एक लांबलचक सूर लावला आणि मी त्याला गप्प केलं नाही. चुकलं असेल.

सकाळी आवरून निघताना बाबांना मेख आणि दावं परत केलं. त्यांनी मेख धोतराला पुसली, ब्रूनोच्या डोक्यावर हात ठेवला, “गुणाचं हाय,” म्हणाले आणि म्हैस सोडायला गेले. दाव्यासकट. काळ्या आमच्या गाडीमागे डांबरी रस्त्यापर्यंत आला, तिथे कुणालाही न दिसणाऱ्या एका रेषेवर थांबला आणि खाली बसला.

घरी पोचलो. चिखलाचे पाय, ओला टॉवेल. लिफ्टमधल्या काकूंकडे पाहून मी लीश आखडून घेतली आणि तोंडापर्यंत आलेलं वाक्य गिळलं. स्वयंपाकघरातला नळ सोडून ब्रूनोचं भांडं भरलं. एरवी तो पाण्यावर तुटून पडतो. त्या दिवशी त्याने भांड्यात नाक घातलं, थोडा वेळ हुंगलं, मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा हुंगलं.