चावी दहिसरला, गॅरेज विजयदुर्गला

मु. पो. विजयदुर्ग, ता. देवगड
जून 2025

चि. भाऊंच्या थोरल्यास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र पाकिटात न घालता पाठवते आहे. ज्याला वाचायचं त्यानं वाचावं. खळ्याच्या कडेला तू एक वस्तू बंद करून ठेवली आहेस तेवढी पुरे, त्यात पत्राची भर नको.

आधी अभिनंदन. भाऊंनी चार पाइप रोवून घातलेल्या पत्र्याच्या शेडचं तू गॅरेज केलंस. तीन बाजूंना चिऱ्याची भिंत, चौथ्या बाजूला निळं रोलिंग शटर, आत पांढऱ्या टाइल्स. माझ्या स्वयंपाकघरात अजून कोबाच आहे, पण मी कुठे डिझेल पिते? गाडी वर्षातून तीनदा येते: चतुर्थीला, शिमग्याला आणि मे महिन्यात. तीही यायची तर येते. बाकीचं वर्ष त्या टाइल्सवर पाली सुखानं नांदतात.

आणि खरं सांगायचं तर वाहन ठेवण्याच्या बाबतीत आपलं गाव पहिल्यापासूनच पुढारलेलं. शेजारच्या गिर्याला वाघोटन खाडीच्या काठी आंग्र्यांच्या काळातली, कातळ खोदून केलेली गोदी अजून आहे. भरतीला जहाज आत घ्यायचं, डागडुजी करायची, पुन्हा भरती बघून बाहेर काढायचं. आरमाराचं गॅरेजच ते, पण त्याला शटर नव्हतं आणि टाइल्सही नव्हत्या. 1756च्या फेब्रुवारीत इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह चालून आले तेव्हा तुळाजी आंग्र्यांची जहाजं किल्ल्याच्या आसऱ्याला दाटीनं उभी होती. एकाला आग लागली आणि बघता बघता सगळं आरमार जळून गेलं. तेव्हा पार्किंगला जागा पुरत नाही हे रडगाणं तुझ्या दहिसरच्या कितीतरी आधी इथे गाऊन झालं आहे. तू उगाच पहिला असल्याचा मान घेऊ नकोस.

आता मुद्द्याचं.

यंदा पावसानं काय केलं ते तुला मोबाइलवर कळलंच असेल. एरवी जूनच्या पहिल्या आठवड्यात येणारा पाऊस 25 मेलाच देवगडापर्यंत आल्याचं हवामान खात्यानं जाहीर केलं, आणि त्याच्या आधीचे चार-पाच दिवस तो जाहीर न होताच कोसळत होता. तू गाडी घेऊन गेलास त्याच आठवड्यात. माझी सोलं खळ्यात होती. तुला फक्त सोलकढी ठाऊक, म्हणून सांगते. रातांबे फोडायचे, बिया वेगळ्या काढायच्या, सालं मीठ घातलेल्या रसात बुडवायची, उन्हात घालायची, वाळली की पुन्हा रसात, पुन्हा उन्हात. असं पुटावर पुट चढलं की सोल काळं आणि मऊ होतं. माझी शेवटच्या पुटाला आली होती. शेजारच्या वहिनींची आमसुलंही माझ्याच चटयांवर होती, आणि पलीकडच्याच्या आंब्याच्या पेट्या पेंढा भरून टेम्पोची वाट बघत होत्या.

आभाळ काळवंडलं तसे सगळे जिकडे धावायचे तिकडेच धावले. भाऊंच्या शेडकडे. इतक्या वर्षांची सवय, पाय आपोआप वळतात. चटया दोन्ही बाजूंनी धरून आम्ही पोचलो ते थेट तुझ्या निळ्या शटरवर.

"अगो, उघड मगो! सोलां भिजतली!" वहिनी ओरडल्या.

"चावी दहिसराक," मी म्हटलं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. पावसात, एका हातात चटई. पलीकडे तू. "काकी, कॅमेऱ्यात दिसतंय, शटरला कोण टेकून उभं आहे? स्प्रिंग नाजूक आहे, जरा बाजूला व्हायला सांग ना."

शंभर कोसांवरून तुला शटरची स्प्रिंग दिसली. काकी भिजताना दिसली नाही? तुझ्या बारशाचा पाळणा त्याच शेडमध्ये टांगला होता रे! भाऊंच्या दिवसांना माणसं बसली ती त्याच पत्र्याखाली. चतुर्थीची भजनं, पोरींच्या हळदी, खाडीवरून आलेली जाळी, एसटी चुकलेला कोणी परका, सगळ्यांना त्या पत्र्यानं आसरा दिला, आणि "कोण उभं आहे" हे कुणी कधी विचारलं नाही. आणि तू विचारतोस! कुणाला? मला! सातबाऱ्यावर तुझ्या नावाच्या दोन ओळी वर माझं नाव आहे, नवऱ्याच्या मागे लागलेलं. सामायिक जागेत भिंत घालताना संमती तर सोड, साधा फोनही केला नाहीस. शटरच्या स्प्रिंगसाठी मात्र केलास.

सोलांना बुरशी धरली. वर्षाची बेगमी गेली. आता सोलकढी मागायला येशील तेव्हा तुला शटरच दाखवीन.

बाकीच्या तक्रारी थोडक्यात. शेडचं पाणी पूर्वी गडग्यातल्या भोकातून पाणंदीत जायचं. ते भोक तुझ्या मागच्या भिंतीनं बुजलं, पाणी आता माझ्या न्हाणीशी तुंबतं. नव्या बांधकामाची घरपट्टी कुणाच्या नावानं लागणार ते ग्रामपंचायतीत अजून कुणाला ठाऊक नाही. आणि आपलं घर किल्ल्यापासून लांब आहे हे तुझं नशीब, नाहीतर पुरातत्त्व खात्यानं तुला धडा दिला असता. संरक्षित वास्तूपासून 100 मीटरांत नवं बांधकाम करता येत नाही, त्यापुढच्या 200 मीटरांत परवानगी लागते. किल्ल्याला कायदा आहे, काकीला नाही.

गवंड्यानं तुला सांगितलं नसेल, म्हणून एक गोष्ट मी सांगते. 2021च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा ती शेड उघडी होती म्हणून वाचली. वारा एका बाजूनं शिरला, दुसऱ्या बाजूनं गेला. दोन पत्रे उचकटले, बाकी जागच्या जागी. आता तू भिंती घातल्यास, पण पाइप तेच, बोल्ट तेच, हुक तेच. उद्या तसाच वारा आला आणि शटर आत दबलं की वारा कोंडणार, आणि कोंडलेला वारा छपराला खालून वर ढकलणार. पत्रे उडून पडतील ते दहिसरला नाही, माझ्या कौलांवर. आणि गाडीचं भलं झालं म्हणावं तर तेही नाही. इथल्या पावसात ओली गाडी आत घालून शटर ओढलंस की ओल आतच राहते. खारी हवा फटीतून आत येते, पण ओल सुकवायला वारा खेळत नाही. जाळीची खिडकीसुद्धा ठेवली नाहीस. सीटला बुरशी, खालच्या पत्र्याला गंज, वायरी उंदरांना. माझी सोलं आणि तुझी गाडी एकाच रोगानं जायची आहेत.

पण सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. गेल्या चतुर्थीला याच शेडमध्ये बसून तू सोसायटीच्या सभेची गोष्ट रंगवून सांगितली होतीस. बिल्डरनं इमारतीखालची मोकळी जागा विकायला काढली, तेव्हा तू उठून सर्वोच्च न्यायालयाचा 2010चा निकाल वाचून दाखवलास. दहिसरच्याच एका सोसायटीचा खटला, खांबांमधली ती जागा सगळ्या सभासदांची, बिल्डरला ती गॅरेज म्हणून विकता येत नाही. वर 2016च्या कायद्यातलंही सांगितलंस, की गॅरेज म्हणजे छप्पर आणि तीन बाजूंना भिंती. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग दहिसरची खांबांमधली जागा सगळ्यांची आणि विजयदुर्गची एकट्याची, हे कुठल्या न्यायालयात शिकलास?

तुझंही कळतं मला. कळत नाही असं नाही. तुझा बाप मुंबईला गेला तेव्हा परळच्या गावकीच्या खोलीत त्याला अंग टाकायला जागासुद्धा पाळीनं मिळायची. पहिल्या पाळीचा कामाला गेला की दुसऱ्यानं त्याच्या वळकटीवर निजायचं. तू लोन काढून गाडी घेतलीस, आणि सोसायटीच्या पार्किंगच्या सोडतीत तुझा नंबर लागत नाही. रात्री रस्त्यावर उभी करतोस, सकाळी ओरखडा मोजतोस. तुझी बायको सांगत होती, पाऊस लागला की रात्री उठून गॅलरीतून बघतोस, कुणी टो करून नेली नाही ना. असल्या माणसाला कुठेतरी एक जागा मिळावी, फक्त आपली, कुलूप लावता येणारी, असं वाटलं तर वाटू दे. पण ती जागा भरलेली होती रे. रिकामी दिसली म्हणून ती रिकामी नव्हती.

तर आता हे कर. चावी तळेऱ्याहून विजयदुर्गला येणाऱ्या कुणाच्याही हाती दे, माझ्यापर्यंत पोचेल. खळ्याकडची भिंत कमरेपर्यंत उतरव आणि वर जाळी बसव. मागच्या भिंतीत पाण्याला वाट ठेव. छपराचे हुक बदल, ते पैसे मी देते. तू येशील तेव्हा गाडी खुशाल आत लाव, आदल्या दिवशी मी झाडून ठेवीन. पण नारळीपौर्णिमेपर्यंत चावी आली नाही तर सातबारा आणि फोटो घेऊन मी देवगडला तहसीलदारांकडे जाणार आहे. वयाकडे बघून ते मला खुर्ची तरी देतील.

सुनेला आशीर्वाद, मुलांना गोड पापा.

तुझी,
काकी

ता. क. कॅमेरा मात्र राहू दे. आंब्याच्या दिवसांत वानरं येतात, त्यांना दहिसरहून ओरडत जा.