पणजोबाकाका

जबलपूरच्या नेपियर टाउनमध्ये त्यांना नावाने कोणी हाक मारत नाही. पणजोबाकाका म्हटलं की पोस्टमनही बरोबर त्यांच्या फाटकाशी थांबतो. वय सत्तरीच्या पुढे, रेल्वेतून निवृत्त, खिशाला दोन पेनं आणि तोंडी एकच माणूस: एकोणिसाव्या शतकात मेथडिस्ट पाळक झालेले त्यांचे पणजोबा. तुम्ही पावसाचं बोला, पणजोबांच्या वेळचा पाऊस निघतो. भेडाघाटला जाऊन आलो म्हणा, पणजोबांनी तिथे धुवांधारच्या वर आवाज चढवून उपदेश केलेला असतो.

इतिहासाशी काकांचं वैर नाही. प्रसंग सगळे खरे. त्यात पणजोबा तेवढे वरचे. मार्च १८७० मध्ये मुंबईकडून आणि कलकत्त्याकडून आलेले रूळ जबलपुरात जोडले गेले, समारंभाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीने हजर होते. काकांच्या मते फलाटावर पणजोबाही होते. त्या वेळी ते दोन वर्षांचे होते, ही माहितीही काकांनीच दिलेली. १८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात येऊन निराधार मुलींना आपल्याबरोबर घेऊन गेल्या. त्यांच्या डब्यात पाण्याचा हंडा कोणी चढवला, हे विचारू नये.

"मी सांगून राहिलो ना!" एवढं म्हणून काका खुर्ची पुढे ओढतात, म्हणजे आपली सुटका नाही.

मेथडिस्टांत तेव्हा पायऱ्या होत्या. आधी एक्झॉर्टर, मग लोकल प्रीचर, मग डीकन, मग एल्डर. काकांच्या धाकट्या बहिणीला आठवतं, वडील गोष्ट सांगत तेव्हा पणजोबा नुसते एक्झॉर्टर होते. काकांच्या हाती आल्यापासून त्यांना बढत्या मिळत गेल्या. आता ते बिशपपदाच्या उंबरठ्यावर आहेत. १९३०-३१ मध्ये जशवंतराव चितंबर या चर्चचे पहिले भारतीय बिशप झाले, त्याबद्दल काका उदार मनाने म्हणतात, "चितंबर माणूस लायक होता, वादच नाही. पण..." त्या 'पण'च्या आधीच पणजोबा निवर्तले होते, ही अडचण त्यांना जाणवत नाही.

खरी मौज वारशाची. मेथडिस्ट पाळकाच्या मागे काही उरूच नये, अशीच सगळी व्यवस्था. मूळ पुरुष जॉन वेस्लीचं आयुष्य घोड्यावर गेलं. इथेही दरवर्षी कॉन्फरन्स भरायची, अखेरीला बिशप नेमणुका वाचून दाखवायचे आणि ज्याचं गाव बदललं त्याने ट्रंक उचलायची. बंगला मिशनचा, कपाट मिशनचं, पेटी मंडळीची. मुंबईचे मिशनरी जॉर्ज बोवेन तर पगारही नाकारून बाजारातल्या खोलीत राहिले. लग्न केलं नाही, त्यामुळे वारसांचा प्रश्नच मिटला. पणजोबांना मात्र सात मुलं.

एका ट्रंकेला सात पात्या! ट्रंक इंदूरच्या चुलतभावाने नेली, कुलूप काकांकडे राहिलं. किल्ली कोणाकडे आहे हे दोघांनाही माहीत आहे, म्हणून त्या घरी दोघंही जात नाहीत. पणजोबांचं 'तेच' बायबल चार घरांत आहे. काकांच्या प्रतीवरचं छपाईचं साल पणजोबांच्या मृत्यूनंतरचं आहे, असं मी एकदा दाखवलं. काकांनी चष्मा पुसला. "दुसरी आवृत्ती," ते म्हणाले.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात वेगवेगळी चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. मेथडिस्टांनी आयत्या वेळी अंग काढून घेतलं. काकांची थोरली चुलत पाती मात्र लग्नसंबंधांतून नव्या चर्चमध्ये गेली. "पणजोबा असते तर गेले नसते," काका सांगतात. तिकडचे सांगतात, "पणजोबा असते तर पहिले गेले असते." पणजोबांचा एकुलता फोटो या वादात काकांच्या गादीखाली आहे.

दारू, तंबाखू घरात वर्ज्य. खिशात सुपारी असते. ती व्यसनात मोडत नाही असं पणजोबांनी स्पष्ट सांगून ठेवलंय म्हणे. रविवारी उपासना हिंदीतून होते. घरी आल्यावर काका रेव्हरंड ना. वा. टिळकांची मराठी भजनं लावतात, तीही पणजोबांच्या चालीवर. ती चाल ऐकल्यावर पणजोबांच्या बदल्या इतक्या का व्हायच्या, याचा अंदाज येतो.

काकू या भजनांना नसतात. त्या वेळी त्या गल्लीतल्या दोन-तीन आजाऱ्यांना डबे पोचवत असतात. पणजोबांबद्दल विचारलं तर म्हणतात, "मला काय माहीत? ह्यांना विचारा," आणि पुढच्या घराची कडी वाजवतात.

जबलपूरला गेलात तर काकांना जरूर भेटा, मनाने फार चांगला माणूस. 'सलाम' म्हणा, चहा नाकारू नका. परतीच्या गाडीची वेळ मात्र दोन तास अलीकडची सांगा.