मातीकाम, फक्त मोठ्यांसाठी

मुलांचं नाव पुढे करून मोठ्यांनी मातीत खेळायचं, ही आपल्याकडची जुनी सोय आहे. दिवाळीतला किल्ला मुलांचा म्हणायचा. बुरूज मात्र बाबा बांधतात आणि मुलांना अळीव पेरायला पाठवतात. बेंदराचे मातीचे बैलही नातवासाठी म्हणून आजोबाच करतात, आणि शिंग वाकडं झालं की बोलणी नातू खातो. त्यामुळे आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसवर ‘मोठ्यांसाठी मातीकाम. मुलांना आणू नये’ अशी सूचना लागली, तेव्हा भल्याभल्यांचा आधार गेला.

ग्रुपवर प्रश्न सुरू झाले. माती सोसायटी देणार की आपण आणायची? मुलांना घरी ठेवायचं तर घरी कोण राहणार? बी-विंगच्या एका काकांनी विचारलं, ‘याचा उपयोग काय?’ त्यावर अंगठ्यांचा पाऊस पडला. तरीही रविवारी सकाळी दहाला काका सर्वांत आधी हजर होते. निवृत्त इंजिनिअर. शर्टाच्या खिशात व्हर्निअर कॅलिपर.

टेबल टेनिसच्या टेबलावर प्लास्टिक अंथरलं होतं. शिकवायला आलेली मुलगी आमच्यातल्या निम्म्यांच्या मुलीपेक्षा लहान, पण वर्ग म्हटल्यावर सगळे तिला ‘ताई’ म्हणू लागले. ती म्हणाली, ‘आज चाक नाही, नुसते हात. आणि काही बनवायचंच असं नाही. खेळा.’

शांतता पसरली. प्राप्तिकराचा फॉर्म भरता येतो, गृहकर्जाची फेड जमते, पण ‘खेळा’ म्हटल्यावर काय करायचं असतं, हे एकालाही आठवेना.

‘म्हणजे नेमकं काय करायचं?’ चेअरमन साहेबांनी सर्वांच्या वतीने विचारलं.

ताई समजूतदार होती. तिने माती मळायला दिली. आत हवा राहू द्यायची नाही, नंतर गोळ्यात अंगठा खुपसायचा आणि फिरवत फिरवत चिमटीने भिंत वर काढायची. याला पिंच पॉट म्हणतात. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मान न उचलता सांगितलं, ‘मोदकाची पारी.’ पाठोपाठ त्यांची वाटी तयार. कळ्या पाडण्यापासून त्यांना हाताला धरून थांबवावं लागलं.

इंजिनिअर काकांची भिंत एका बाजूला साडेसात मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूला नऊ भरली. ‘टॉलरन्स किती?’ त्यांनी विचारलं. ताई म्हणाली, ‘काका, वाळून आणि भाजून ही वाटी दहा टक्क्यांच्या आसपास आक्रसणार आहे.’ त्यानंतर काका बराच वेळ बोलले नाहीत. उलट गुणाकार चालू असावा.

माझ्याकडे वाटी करायला घेतली की बशी होते. पण इथे एक शोध लागला. मातीत काहीही फसलं तरी त्याला नाव देता येतं. पसरट झालं तर साबणदाणी, उभं राहिलं तर पेन स्टँड, भोक पडलं तर उदबत्तीचं घर, आणि काहीच होत नसेल तर पेपरवेट. तासाभरात टेबलावर उपयुक्त वस्तूंचं प्रदर्शन भरलं. खेळण्यासारखी एकही वस्तू त्यात नव्हती. नुसता गोळा हातात धरून बसायची आपल्याला लाज वाटते. भिंतीवर घड्याळ आहे, समोर ओळखीची माणसं आहेत, मग वस्तू झालीच पाहिजे. निदान पेन तरी उभं राहिलं पाहिजे.

ताईच्याही ते लक्षात आलं असावं. तिने वेगळाच खेळ काढला. प्रत्येकाने काहीही करायला घ्यायचं, तिने टाळी वाजवली की ते उजवीकडे सरकवायचं आणि डावीकडून आलेल्यात भर घालायची. ‘मोडलंत तरी चालेल,’ ती म्हणाली. सोसायटीत एकमेकांचं मोडायला अधिकृत परवानगी प्रथमच मिळत होती.

चेअरमन साहेबांनी टुमदार बंगला काढला. दोन हातांनंतर तो चार मजली झाला, आणि माझ्यापर्यंत आला तेव्हा त्याच्या सगळ्या गॅलऱ्या बंदिस्त करून झाल्या होत्या. चेअरमन लांबून बघत होते. ‘नकाशा मंजूर आहे का?’ असं ते म्हणाले, पण हसत. सभेत इतके हसत नाहीत.

खरा पेच काकूंच्या किटलीने केला. जोडकाम त्यांनी नियमाने केलं होतं. दोन्ही कडांवर रेघोट्या ओढल्या, मध्ये पातळ चिखल लावला आणि मग तोटी दाबून बसवली. पण माती ओली. तोटी हळूहळू खाली आली आणि पोटावर विसावली. संगमनेर तालुक्यातल्या जोर्व्याच्या नावाने ओळखली जाणारी तोटीची भांडी तीन हजार वर्षांपूर्वीची आहेत, आणि त्यांच्या तोट्या अजून ताठ आहेत. अर्थात त्या लोकांना टाळी वाजली की उजवीकडे सरकवायचं नव्हतं.

टाळी वाजली. किटली बँकेतून निवृत्त झालेल्या आजोबांपुढे आली. त्यांनी ती डोळे बारीक करून पाहिली, दोन्ही बाजूंना एकेक चपटा कान लावला आणि हात जोडले.

खेळ तिथेच थांबला. पुढची टाळी वाजली, पण गणपती उजवीकडे सरकवणार कोण? उजवीकडे मी. मला ‘भर’ घालायची होती. मी एक बारीकसा उंदीर करून शेजारी ठेवला आणि सुटलो. माझ्या पलीकडच्याने हात मागे घेतले.

‘आता हे सगळं एकत्र मळून परत गोळा करायचा,’ ताई म्हणाली.

‘हे?’ काकू म्हणाल्या.

बंगला मोडला, साबणदाण्या मोडल्या. गणपती राहिला. पुढची चर्चा खरोखर वार्षिक सभेच्या तोडीची झाली. सेक्रेटरी म्हणाले, प्राणप्रतिष्ठा झालेली नाही, म्हणजे ही मूर्ती नव्हे, वस्तू आहे. आजोबा म्हणाले, सोंड आहे. शेवटी विसर्जनावर एकमत झालं आणि पाण्याची बादली आली. तेव्हा ताईने शास्त्र सांगितलं. ओली माती पाण्यात लवकर विरघळत नाही, पूर्ण वाळलेलीच भराभर सुटते. म्हणजे बाप्पांना वाळेपर्यंत ठेवून घेणं भाग होतं. ऐन फेब्रुवारीत.

ठेवायचं तर नुसतं कसं ठेवायचं? दुसऱ्या दिवशी जास्वंद आलं. तिसऱ्या दिवशी टेबल टेनिस बंद झालं, कारण पाठ करून सर्व्हिस करणं बरं दिसेना. आरतीला ए-विंग आणि बी-विंग असे वार ठरले. ‘उपयोग काय?’ विचारणारे इंजिनिअर काका रोज सकाळी कॅलिपरने सोंड मोजून किती आक्रसली ते फळ्यावर लिहू लागले. नैवेद्य आधी का हे माप आधी, यावर एकदा वाजलंही.

रविवारी बादलीत विसर्जन झालं. वाळलेली माती खरोखरच फसफसत सुटली. ताई पुढच्या वर्गासाठी आलीच होती. ती म्हणाली, ‘छान. पाणी ओतून टाका, थोडी घट्ट होऊ द्या. माती जास्त असली की कुंभार पायांनी तुडवतात, आपणही तसं करू या.’

‘या मातीला पाय लावायचा नाही,’ काकू म्हणाल्या.

‘गोरोबाकाका पायांनीच तुडवायचे,’ इंजिनिअर काका म्हणाले, ‘तेही नामस्मरण करत.’

‘तुम्ही करणार आहात का नामस्मरण?’

माती अजून बादलीत आहे. ती घट्ट होऊन, वाळून, दोनदा पुन्हा भिजवून झाली. क्लबहाउस पुसणाऱ्या मावशींनी आपली बादली परत मिळावी म्हणून कमिटीकडे अर्ज दिला आहे. विषय पुढच्या सभेत, ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ या सदरात घेतला जाईल, असं सेक्रेटरींनी त्यांना कळवलं आहे.