शिबिरवाले सर

विज्ञान शिक्षकांचं शिबिर कुठंही असो, हे सर पंख्याखालची खुर्ची आधी गाठतात. खांद्याला मागच्या शिबिरात मिळालेली कापडी पिशवी, पिशवीत त्याच्याही मागच्या शिबिराची फाईल. मानखुर्दचं होमी भाभा केंद्र झालं, पुण्याची आयुका झाली. अरविंद गुप्तांची खेळणी तर तोंडपाठ. स्ट्रॉचं टोक चपटं करून तिरकं कापायचं, पिपाणी वाजवता वाजवता दुसरं टोक कात्रीनं छाटत जायचं, म्हणजे स्वर चढत जातो. सरांनी हे वर्गात करून घेतलं. अख्खा वर्ग एकदम वाजला तेव्हा शेजारच्या वर्गात साहेबांची तपासणी चालू होती. तेव्हापासून स्ट्रॉ कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली सरांच्या खिशात. काचसामानही तिथंच. चंचुपात्र फुटलं तर डेडस्टॉक रजिस्टरला उत्तर द्यावं लागतं, आणि ते रजिस्टर न्यूटनलाही सोडणार नाही.

शास्त्रज्ञ मंडळी मनानं फार कोवळी असतात, असं सरांचं मत. 'कुतूहल' म्हटलं की त्यांना भरून येतं. सर समजूतदारपणे मान डोलावतात.

परवा पाहुण्या शास्त्रज्ञबाईंनी ताटलीत पाणी घेतलं, मधे मेणबत्ती लावली, वर ग्लास उपडा घातला. ज्योत विझली, पाणी वर चढलं. "का?" सगळा हॉल एका सुरात: "एक पंचमांश ऑक्सिजन जळाला!" बाईंनी तीन मेणबत्त्या लावल्या. पाणी आणखी वर. ग्लास तोच, मग ऑक्सिजन काय मेणबत्त्या मोजून वाढला? शिवाय पाणी भराभर चढतं ते ज्योत विझता विझता आणि विझल्यावर. ग्लास घालतानाच आतली हवा तापून फुगते, थोडी बुडबुड्यांनी निसटते. उरलेली थंड झाली की आक्रसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. हॉल गप्प.

सर उठले. "मॅडम, पटलं. पण पेपरात एक पंचमांश लिहिणाऱ्याला मार्क द्यायचे, की तुमचं लिहिणाऱ्याला?"

"मार्कांचं नंतर बघू," बाई म्हणाल्या.

इथं सर आपला हुकमी एक्का टाकतात: होशंगाबाद. मध्य प्रदेशात १९७२ साली १६ शाळांत सुरू झालेला तो विज्ञान कार्यक्रम. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले, दिल्ली विद्यापीठातले लोक गुरुजींच्या मांडीला मांडी लावून बसले, आणि परीक्षेला चक्क पुस्तक उघडं ठेवायची मुभा! "परीक्षा बदलली, म्हणून प्रयोग टिकले," सर सांगतात. मग २००२ साली बंद का पडला, असं कुणी खोचकपणे विचारलंच तर, "सरकारनं बंद केला. पोरांनी नव्हे."

लोक हसतात, पण माझ्या मते शिबिरात इतकं मुद्द्याचं दुसरं कुणी बोलत नाही.

बाईंनाही पटलं असावं. चहानंतर दोघं पेपर काढायला बसले. सरांनी प्रश्न घातला: ग्लास तोच ठेवून एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या, तर पाणी कमी चढेल, तेवढंच की जास्त? सकारण लिहा. गुण ३. बाईंनी हौसेनं पानभर नमुना उत्तर लिहिलं, आकृतीसकट. सरांनी खिशातलं लाल पेन काढलं आणि दीड गुण दिला.

"कारण बरोबर आहे हो मॅडम. पण आकृतीला नावं दिली नाहीत. आणि आकृती पेन्सिलनं काढायची असते."