जावई एक, सासुरवाड्या किती!

ऐकलंत का? आमच्या रुक्मिणीला म्हणे अरुणाचलची करून टाकली! २०१८ पासून गुजरातेत, पोरबंदरकडच्या माधवपूरच्या जत्रेत, ईशान्येची मंडळी वधूपक्ष म्हणून मिरवतात. भीष्मकनगर त्यांच्याकडे, म्हणून रुक्मिणीचा बाप भीष्मक राजाही त्यांचा. पुरावा? इदू मिश्मींची केस कापायची तऱ्हा! कृष्णानं रुक्मीची, म्हणजे मेव्हण्याची, अर्धीमुर्धी हजामत केली होती ना, तीच खूण. तिकडे धार जिल्ह्यातलं अमझेरा अमका-झमका मंदिराकडे बोट दाखवून सांगतं, रुक्मिणीचं हरण इथूनच झालं. आता बोला!

मग विदर्भात, तिवसा तालुक्यातल्या आमच्या कौंडण्यपुरानं काय करावं? वर्धा नदीच्या काठचं एवढंसं गाव, पण तोरा थेट देवाच्या सासुरवाडीचा. १५९४ पासून आषाढीला इथून रुक्मिणीच्या माहेरची पालखी पंढरपूरला जाते, असं गावकरी सांगतात. पुरातत्त्वज्ञ मोरेश्वर दीक्षितांनी उत्खनन केलं, तेव्हा महापाषाण काळापासूनची वस्ती सापडली. लग्नपत्रिका तेवढी निघाली नाही. बरं, दमयंती आमची, लोपामुद्रा आमची, रामाची आजी इंदुमतीही आमचीच. विदर्भानं जावई तरी किती करावेत!

त्यात घरातलाच घोळ. कौंडण्यपूरकर म्हणतात, हरण आमच्या अंबिकेच्या देवळातून. अमरावतीकर म्हणतात, छे, आमच्या अंबादेवीतून. तडजोड म्हणून मग भुयार निघालं: नवरी म्हणे घरून जमिनीखालून अंबादेवीला आली. चाळीसेक किलोमीटर! "दमली नसंन काय वो बापा?" असं विचारलं, की सांगणारी बाई डोळे वटारते. "देवाचं हाये ते, चूप बसा!"

आणि मामला काय, तर भावानं शिशुपालाशी जमवलेलं लग्न मोडून पळून जाण्याचा. भागवतात रुक्मिणीची सात श्लोकांची चिठ्ठीच आहे: लग्नाच्या आदल्या दिवशी कुलदेवीच्या दर्शनाला आम्ही गावाबाहेर जातो, तिथून मला घेऊन जा. बेत कसा चोख! अशी चिठ्ठी आज एखाद्या पोट्टीच्या दप्तरात सापडू द्या, हेच दावेदार काठ्या घेऊन निघतील.

रुक्मीचं तेवढं कोणी नाव काढत नाही. बहिणीला परत आणल्याशिवाय घरी येणार नाही, ही प्रतिज्ञा फसली आणि तो भोजकटात राहिला. ते भोजकट म्हणजे आमची भातकुली, असं सांगतात. मग भातकुलीकरांनो, अर्ध्या मिशीचा एखादा उत्सव होऊन जाऊ द्या की! त्यावर तरी अरुणाचलवाले हक्क सांगणार नाहीत. की तेही सांगतील?