बिघडलं तर लाल

आमची वाडी आणि काकींची वाडी यांच्यामध्ये जे काही आहे, त्याला कुंपण म्हणायचं ते निव्वळ सातबाऱ्याचा मान राखायला. थोडी जास्वंद, थोडा अडुळसा, एक वाकलेला लोखंडी खांब आणि मधोमध माणूस तिरपा होऊन जाईल एवढं खिंडार. या खिंडारातून गेली तीस वर्षं वाटी जाते-येते. वाटी रिकामी परत पाठवायची नाही असा दोन्ही घरांचा नियम, त्यामुळे तिचा प्रवास काही संपत नाही. वाटीच्या पाठोपाठ बातमी. पूर्वी कुणाच्या मुलीचं ठरलं, कुणाची म्हैस बावखलाच्या पाण्यात उतरली, अशा बातम्या असायच्या. आता वाटीत वाल असतात आणि बातमीत उपग्रह.

बातमी देणार काकी. वय पंच्याहत्तर, आवाज पंचविशीतला. अशा आवाजाला मराठीत नारोशंकराची घंटा म्हणतात, आणि ही उपमा वापरायचा आम्हा वसईकरांना जरा जास्तच हक्क आहे. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली, तेव्हा इथल्या चर्चांच्या घंटा विजयाची खूण म्हणून बाहेर गेल्या. त्यातली एक नाशकात गोदावरीकाठी नारोशंकराच्या देवळावर चढली. तिच्यावर १७२१ हे साल आहे. मी शाळेत शिकवत होते तेव्हा हे पोरांना सांगायचे. एकदा काकींनाही सांगितलं. त्या जराही न रागावता म्हणाल्या, "म्हणजे माझ्याच माहेरची गेली म्हणायची."

काका उलटे. पश्चिम रेल्वेच्या सिग्नल खात्यात पस्तीस वर्षं काढून ते विहिरीजवळच्या स्टुलावर निवृत्त झाले. सुपारी सोलतात, ऐकतात. कुठलीही नवी वस्तू आली की एकच विचारतात, "बंद पडली तर काय होतं?"

२०२५ च्या डिसेंबरची गोष्ट. तीन तारखेला संध्याकाळी काकी खिंडारात. हातात नेवऱ्यांची वाटी.

"टीचर, गेला बघ पाहुणा!"

पाहुणा म्हणजे संचार साथी. दूरसंचार खात्याने मोबाइल कंपन्यांना सांगितलं होतं की प्रत्येक नव्या फोनमध्ये हे सरकारी ॲप आधीच घालून द्या, नव्वद दिवसांत. १ डिसेंबरला बातमी फुटली, सरकार आपल्या फोनमध्ये डोकावणार म्हणून गलका झाला आणि तीन तारखेला सक्ती मागे घेतली. चोरीचा फोन शोधायला, आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते बघायला ॲप कामाचं आहे, हे मी काकींना दोन दिवस समजावत होते. पण काकींची हरकत वेगळीच.

"कामाचं असेल गं. पण न बोलावता आलं ना! एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी अक्कल जाई. बरोब्बर तिसऱ्या दिवशी गेलं. सरकारला म्हणी येतात म्हणायच्या."

"आणि तुमच्या फोनमध्ये काय आहे एवढं डोकावण्यासारखं?" मी विचारलं.

"चारशे गुड मॉर्निंग. बघू दे, त्यालाच कंटाळा येईल."

काकींच्या मोबाइलशी असलेल्या नात्यात खरी तिढ्याची व्यक्ती एकच, अमिताभ बच्चन. २०२० च्या मार्चपासून ते प्रकरण सुरू झालं. आधी फोन लावला की कुणीतरी खोकायचं. मग बच्चनसाहेब करोनाची काळजी घ्यायला सांगू लागले. २०२१ च्या जानेवारीत त्यांच्या जागी एक बाई लशीबद्दल बोलू लागल्या, आणि काकींना चक्क करमेना. पुढे सायबर चोरांपासून सावध करायला बच्चनसाहेब परतले, तेव्हा मात्र काकींचा धीर सुटला. काका शिडीवरून पडले त्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना फोन लावला, तर पलीकडून आधी ओटीपीवर व्याख्यान. काका जमिनीवर, काकी फोनवर ओरडतायत, "अरे बाबा, नाही देणार ओटीपी, आधी डॉक्टरला दे!" असं देशभर होत असणार, कारण शेवटी लोकांनी थेट बच्चनांनाच समाजमाध्यमावर गाठलं. ते म्हणाले, सरकारला सांगा भाऊ, आम्हाला सांगितलं ते आम्ही केलं. २०२५ च्या जूनमध्ये ती धून थांबली. काकींनी मला जिलेबी पाठवली.

पण धून वाया गेली म्हणता येत नाही. एकदा काकींना 'डिजिटल अरेस्ट' झाली होती. व्हिडिओ कॉलवर खाकी कपड्यातला माणूस, मागे पोलीस ठाण्याचं चित्र. म्हणाला, तुमच्या नावाने आलेल्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, कॅमेरा बंद करायचा नाही, घराबाहेर पडायचं नाही. काकींनी त्याला आधी कोंबड्यांना दाणे टाकेपर्यंत थांबवलं. मग म्हणाल्या, "साहेब, घराबाहेर पडायचं नाही, तर पाचच्या मिस्साला माझ्याऐवजी तुम्ही जाणार का?" फोन त्यानेच ठेवला. पंतप्रधानांनी २०२४ च्या ऑक्टोबरात 'मन की बात'मध्ये सांगितलं की कायद्यात अशी अटकच नाही. ते ऐकून काकींना जरा वाईटच वाटलं. अटक खोटी निघाली म्हणजे त्यांचा पराक्रमही थोडा खोटा निघाला ना! असा फोन आला तर १९३० वर कळवायचं असतं. काकींनी तो आकडा कोळशाने विहिरीच्या कठड्यावर लिहून ठेवलाय. तिथे आणखी तीन आकडे आहेत, त्यातला एक गॅसवाल्याचा.

काका कधीमधी बोलतात, पण बोलले की बसतं. १९ जुलै २०२४, शुक्रवार. क्राउडस्ट्राइक नावाच्या कंपनीने संगणकांच्या रखवालदार प्रोग्रामसाठी नवं अपडेट पाठवलं, त्यात चूक होती, आणि जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून बसले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले. काकी म्हणाल्या, "हाताने लिहिलेल्या पासावर विमान उडालं की नाही? मग एवढी वर्षं कॉम्प्युटरला कशाला पोसलं?"

काकांनी सुपारी खाली ठेवली.

"आमच्याकडे जुना हाताचा सिग्नल होता. खांबावर लाकडी हात, केबिनपासून तिथवर तार. हात आडवा म्हणजे थांब, झुकला म्हणजे ये. तार कुणी चोरली, तुटली, गंजली, तर काय होणार? हाताच्या मागे वजन असतं. तार गेली की ते वजन हाताला आपोआप आडवं करतं. बिघडलं तर लाल. गाडी उशिरा जाईल, पण धडकणार नाही." मग जरा थांबून म्हणाले, "यांचं बिघडलं तर निळं. निळ्याचा अर्थ कुणाला ठाऊक?"

त्या दिवसापासून कुंपणावर हेच माप. काहीही नवं आलं की काकी विचारतात, लाल की निळं? २०२५ च्या मार्चमध्ये नातवाने घरातल्या सगळ्यांचे फोटो कृत्रिम बुद्धिमत्तेकडून जपानी कार्टूनसारखे करून घेतले, प्रत्येकाचे डोळे बशीएवढे. त्या लाटेत ओपनएआयचे सॅम ऑल्टमन म्हणाले होते की आमच्या चिपा वितळायला लागल्यात. काकी म्हणाल्या, "वितळतंय म्हणजे लालच झालं असणार. चांगलं यंत्र आहे."

स्टारलिंकला मात्र त्यांनी पास केलं नाही. ५ नोव्हेंबर २०२५ ला महाराष्ट्र सरकारने त्या कंपनीशी इरादापत्र केलं. गडचिरोली, नंदुरबार, वाशीम, धाराशिव अशा जिल्ह्यांतल्या दूरच्या गावांना उपग्रहावरून इंटरनेट द्यायचं. पाचएकशे किलोमीटर उंचीवरून. तारा नकोत, टॉवर नको. मी कौतुकाने सांगत होते. २०१८ च्या जुलैत वसई पाण्यात गेली होती, गाड्या बंद, वीज बंद, फोन मुके, तेव्हा असलं काही असतं तर! काकींनी वर पाहिलं. त्यांच्या वाडीतून आभाळ दिसतं ते नारळ आणि सुपारीच्या मधल्या फटींतून, चाळणीतून पीठ दिसावं तसं. ते इंटरनेट घ्यायच्या तबकडीला मोकळं आभाळ लागतं, हे मीच बोलून गेले होते.

"म्हणजे आधी झाडं तोडा, मग इंटरनेट. बिल्डरचाच भाऊ दिसतोय."

उलट पाचूबंदरच्या बायचं यंत्र काकांनी पहिल्याच फटक्यात पास केलं. बाय सकाळी मासे घेऊन दारोदार येते. टोपलीच्या कडेला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला बोलका डबा, आणि नशीब असं की त्यातही बच्चनच. मांदेलीवर माश्या घोंगावतायत आणि आतून तो भारदस्त आवाज पैसे मिळाल्याची ग्वाही देतोय. १२ एप्रिल २०२५ ला, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी, देशभर यूपीआय अडकलं. पंधरवड्यापूर्वी, २६ मार्चलाही अडकलं होतं. बाय खिंडारात उकिडवी बसलेली, मी फोन पुढे धरून उभी, चक्र फिरतंय, डबा गप्प. माझ्या घरात रोख म्हणून तांदळाच्या डब्यातली शंभराची एक नोट. बाय उठली, मासे माझ्या ताटात ओतले, म्हणाली, "राहू द्या, टीचर. एकशे ऐंशी."

तिने लिहून काही घेतलं नाही. ती लिहीतच नाही. त्या दिवशी आमच्या सांडोरच्या पंचवीस-तीस घरांत तिने असे मासे दिले असतील, आणि सोमवारी प्रत्येक कुंपणावरून आपापला आकडा ऐकू आला, शेजाऱ्यालाही ऐकू येईल अशा आवाजात. काका म्हणाले, "बघा, हिच्या हाताच्या मागे वजन आहे."

एकाच यंत्रावर काका आजवर काही बोललेले नाहीत. २० जुलै २०२३, सकाळी सव्वादहा-साडेदहा. मुसळधार पाऊस. एकाएकी माझा फोन किंचाळला, काकींचा किंचाळला, रस्त्यावर रिक्षावाल्याचा किंचाळला. काकींनी भीतीने तांब्या विहिरीत टाकला. पडद्यावर इशारा, आणि खाली लिहिलेलं की ही दूरसंचार खात्याची चाचणी आहे. आम्ही हसलो. आपल्यापेक्षा मोठा आवाज काढणारं कुणी निघालं म्हणून काकींची थट्टा केली. टीव्ही लावला तर इर्शाळवाडीची बातमी. आदल्या रात्री त्या वाडीवर डोंगर खाली आला होता. चाचणी सकाळी झाली. नारोशंकराच्या घंटेबद्दल म्हणतात की गोदावरीचा पूर तिच्यापर्यंत चढला की ती आपोआप वाजायची. काकांनी टीव्ही बंद केला आणि बराच वेळ सुपाऱ्या सोलल्या.

तर पुन्हा त्याच पाहुण्याच्या डिसेंबरात. नाताळ झाला आणि वर्ष संपत आलं. २९ डिसेंबर. बाय टोपली घेऊन आली, पण मासे दाखवेना. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी राहिली होती आणि मुदत ३१ पर्यंत. दीड हजार रुपये महिन्याचे, जायला नकोत. स्वतःचा आधार क्रमांक टाकायचा, ओटीपी घालायचा. मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार, त्याचा ओटीपी. तिचा प्रश्न दुसऱ्या ओटीपीचा. आधारला जोडलेला नंबर नवऱ्याच्या फोनमध्ये, फोन नवऱ्याच्या खिशात आणि नवरा चार दिवस बोटीवर. खोल समुद्रात रेंज नाही.

"मग किनाऱ्याजवळ आला की येईल की," काकी म्हणाल्या.

"आज दुपारी यायचाय बंदरावर."

माझ्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली. तो ओटीवरच्या प्लगला चिकटूनच चालतो, आणि ओटीपासून खिंडार चांगलं पन्नास पावलं. बायच्या फोनला आमच्या ओटीवर रेंज नाही, खिंडारात आहे. तेव्हा अशी मांडणी झाली: मी ओटीवर लॅपटॉपशी, बाय खिंडारात फोन कानाला लावून, मधे आंब्याखाली काकी. काका स्टुलावर, अर्थात.

तीन वाजता नवऱ्याचा फोन लागला. बोट बंदराला लागत होती, मागे इंजिनाची धडधड. मी बटण दाबलं. ओटीपी दहा मिनिटं टिकतो. मिनिटभर काही नाही, दोन मिनिटं काही नाही, मग बाय ओरडली, "आला!"

बायने आकडा ऐकायचा, काकींना सांगायचा, काकींनी मला.

"सात!" काकी. जास्वंदीवरचे पक्षी उडाले.

"सात," मी टाइप केला.

"चार! तीन! परत तीन!"

पलीकडच्या वाडीतला पंप कुणीतरी बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून.

"अगं, ओटीपी कुणाला सांगायचा नसतो!" काका स्टुलावरून.

"मी कुणाला सांगतेय? टीचरलाच सांगतेय! शून्य!"

पाच आकडे झाले. सहावा बायने सांगितला, काकींनी उचलला, आणि त्याच क्षणी रस्त्यावरून टेम्पो गेला.

"काय?" मी.

काकी पुन्हा तोंड उघडणार, तेवढ्यात रस्त्याकडच्या कुंपणापलीकडे थांबलेल्या स्कूटरवरून, हेल्मेट न काढता, एक माणूस म्हणाला, "टीचर, नऊ! आता लवकर घाला, वेळ संपेल."